पुरवा, पछवा आणि आमच्या कुरडया

मैत्रिणींनो, एप्रिल लागला की आपल्याकडे गच्च्यांवर जुनी लुगडी अंथरली जातात, त्यांवर कुरडया, सांडगे, पापड यांची नक्षी उमटते आणि कावळे हाकलायला घरातलं एखादं पोर काठी घेऊन बसतं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं की सगळ्या आळीची धावाधाव होते. वळवाचा आणि आपल्या वाळवणांचा हा दावा काही नवा नाही. पण ही हकिकत सांगलीच्या गच्चीवरची नाही. तिथून पुष्कळ दूरच्या, उत्तरेतल्या एका गच्चीवरची आहे. साल २०२३, महिना एप्रिल. तिथे मी मुक्काम केला अवघा एक आठवडा, आणि त्या आठवड्यात ऊन, घाम, धुळीचं वादळ, गारा आणि थंडी असं सगळं पाहून आले.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन करनालला गेली. करनाल म्हटल्यावर आमच्या शेजारच्या काकूंना पनवेलजवळचा कर्नाळ्याचा किल्ला आठवला होता! हे करनाल हरियाणात आहे. दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या जुन्या शाही रस्त्यावर, दिल्लीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. महाभारतातल्या कर्णावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. बंगळूरची दुग्ध संशोधन संस्था १९५५ साली इथे आली. आमचे मेहुणे तिथेच नोकरीला आहेत.

बहिणीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तिचा मात्र फोनवर रोज एक सूर. एक दिवस म्हणे, "आई, इथे जीव नकोसा होतो, मला घेऊन जा." दुसऱ्या दिवशी म्हणे, "नको, आता बरं वाटतंय." आईने शेवटी मला फर्मावलं, "तू जा आणि तिला घेऊनच ये." मी एका शाळेत नववीला अर्धवेळ भूगोल शिकवते. पेपर तपासून झाले होते. 'हे' म्हणाले, "मुलालाही ने, तेवढीच घरात शांतता." गोवा एक्सप्रेसने दोन रात्रींचा प्रवास. परतीची तिकिटं शनिवार, २२ एप्रिलची काढली होती, तीही तीन. अर्थात एक तिच्या नावाचं.

आम्ही पोचलो तो शनिवार होता, १५ तारीख. घर गावाच्या कडेला. खाली घरमालक, वर बहिणीचं बिऱ्हाड, मागे थेट गव्हाची शेतं. गहू म्हणजे आपल्याकडे पाहतो तसा एखादा पट्टा नव्हे. नजर जाईल तिथपर्यंत एकच सपाट पिवळा रंग, मध्ये एखाददुसरा शिरीष किंवा निलगिरीची रांग. टेकडी म्हणून औषधाला नाही. आम्हां सह्याद्रीकडच्या माणसांना डोळे कुठे टेकवावे तेच कळत नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, काटक, ओढणी डोक्यावरून कधी ढळायची नाही. त्यांना सगळी गल्ली 'ताई' म्हणते. तिकडे ताई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आपली थोरली काकू. त्यामुळे पहिल्याच दिवशी बहिणीने "ताई, चहा झालाय" अशी हाक मारली की मी आणि त्या दोघी एकदम "आले" म्हणायच्या! शेवटी मला 'सांगलीवाली' हे नाव पडलं आणि ताईपण त्यांच्याकडेच राहिलं. मीही पुढे त्यांना ताईच म्हणते, गोंधळ करून घेऊ नका.

रविवारी सकाळी मी गहू भिजत घातले. त्याचं असं झालं, की बहिणीला डोहाळे लागले होते कुरडयांचे. साबुदाण्याच्या पापड्या नाहीत, बटाट्याचा कीस नाही. गव्हाच्या चिकाच्या कुरडयाच. ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कोठीतले चार किलो गहू मोजून दिले आणि विचारलं, "याचं करणार काय?" मी म्हटलं, "तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी टाकायचं, चीक शिजवायचा, सोऱ्याने पाडायचा, वाळवायचा आणि मग तळायचा." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्यात तर आमची पोळी होऊन पचूनही जाते." आता यावर काय बोलणार?

त्या दिवशी ऊन म्हणजे ऊन होतं. पारा चाळिशीला टेकलेला. पण गंमत ऐका, घाम नाही! पश्चिमेचा वारा, तिकडचे लोक त्याला पछवा म्हणतात, इतका कोरडा की केस धुऊन गच्चीत गेले तर वेणी घालायच्या आत वाळले. बहिणीच्या खोलीत मोठा कूलर होता, गवताच्या जाळ्या लावलेला. त्यातून अशी गार हवा येई की दुपारी चादर घ्यावी लागली. मी तिला म्हटलं, "हा एवढा थाट असताना तू आईला रडून दाखवतेस होय?" ती नुसती हसली आणि म्हणाली, "दोन दिवस थांब."

सोमवारी सकाळी लवकर निघून मी आणि चिरंजीव पानिपत पाहून आलो. मराठी माणूस करनालपर्यंत जातो आणि पस्तीसेक किलोमीटरवरचं पानिपत न पाहता परत येतो, असं होईल का? काला आंब गावाबाहेर काही अंतरावर आहे. बाग, साधा स्तंभ, त्याभोवती कठडा. ज्या आंब्यावरून नाव पडलं तो आंबा आता नाही. आम्ही पोचेतो दहा वाजले होते आणि दगडावर हात ठेवता येत नव्हता. चिरंजीवांनी विचारलं, "आई, एवढ्या उन्हात ते लढले कसे?"

मी त्याला सांगितलं, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. तेव्हा इथे हाडं गोठवणारी थंडी असते. पण उन्हाळाही त्यांनी काढलाच होता. सदाशिवरावभाऊंचं सैन्य १७६० च्या मार्चमध्ये पटदुराहून निघालं आणि दिल्लीत शिरलं ते ऑगस्टमध्ये. म्हणजे हा एप्रिल, याच्या पुढचा मे आणि जून, सगळा वाटेत. मग पावसाळ्यात यमुना अशी भरली की दोन्ही सैन्यं दोन तीरांवर अडकून पडली. ऑक्टोबरात मराठ्यांनी करनालजवळचं कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य हाती लागलं. आणि त्याच महिनाअखेरीला अब्दाली बागपतला नदी उतरून अलीकडे आला. पुढचे अडीच महिने पानिपतला छावणी, रसद तुटलेली, उपासमार. शाळेत आपण हे पाठ करतो तेव्हा सेनापती, तोफा आणि तारखा पाठ करतो. तिथे उभी राहिल्यावर मला आठवल्या त्या सैन्याबरोबर गेलेल्या बायका. हजारोंनी होत्या, कुणाची बायको, कुणाची आई, कुणी काशीयात्रेच्या आशेने निघालेली. त्यांतल्या कितीजणींना सातवा महिना असेल? त्यांना घ्यायला माहेरहून कोण येणार होतं? चिरंजीव कठड्याभोवती धावत होते आणि मला एकाएकी बहिणीला कधी एकदा सांगलीला नेते असं झालं.

परत आल्यावर मी तिची बॅग भरायला काढली. तिनेही काही म्हटलं नाही.

मंगळवारी सकाळी जाग आली ती घामाने. उशी ओली. वाऱ्याची दिशाच बदलली होती. ताई अंगणात म्हशीची धार काढता काढता म्हणाल्या, "पुरवा चाल पड़ी सै." म्हणजे पूर्वेचा वारा सुटला. आणि मैत्रिणींनो, वारा बदलला म्हणजे नुसती दिशा बदलली असं समजू नका. घरातली एकूण एक वस्तू बदलते. मिठाला पाणी सुटलं. पापडाचा तुकडा चिवट झाला. आणि तो राजेशाही कूलर अगदी निकामी! कूलरचं असं आहे की हवा कोरडी असेल तरच जाळीतलं पाणी उडतं आणि गारवा येतो. हवेतच ओल असली की तो खोलीत नुसता दमटपणा भरत राहतो. ताईंच्या सुनेने येऊन त्यातल्या पाण्याचा पंप बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "पुरव्यात नुसता पंखा." ही युक्ती आपल्याकडे कूलर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. बहिणीच्या पायांवर सूज आली होती. ती पलंगावर बसून पदराने वारा घेत होती. "आता कळलं?" म्हणाली.

हा सगळा खेळ कशाचा ते मला माहीत होतं, म्हणजे पुस्तकात माहीत होतं. दर वर्षी मुलांना 'पश्चिमी विक्षोभ' शिकवते. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारी ही वादळी हवेची वळणं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून उत्तर हिंदुस्थानावर येतात. हिवाळ्यात हिमालयावर बर्फ पडतं आणि रब्बीच्या पिकाला पाऊस मिळतो तो त्यांच्यामुळे. उन्हाळा लागला की त्यांचा जोर ओसरतो, पण येणं अगदीच थांबत नाही. त्यांची चाहूल लागली की खालचा कोरडा पछवा थांबतो आणि पूर्वेकडून दमट वारा ओढला जातो. खाली जमीन तापलेली, मध्ये ओल, वर थंड हवा. मग काय, आंधी आणि गारा! आपला वळीव घरच्या तापलेल्या जमिनीवरच दुपारी शिजतो. हे पाहुणे दूरदेशचे, त्यांना दुपार आणि रात्र सारखीच. परीक्षेत पाच गुणांना विचारते हो मी हे. पण मिठाची बरणी पाहून ते ओळखता येतं, हे मला ताईंनी शिकवलं.

आता ताईंच्या काळजीचं सांगते. त्यांची जमीन कुंजपुऱ्याच्या वाटेवर, दोन एकर स्वतःची आणि तीन ठेक्याने घेतलेली. ठेक्याचे पैसे आधीच दिलेले. पाच एकरांत मिळून शंभर क्विंटलच्या आसपास गहू यायचा. त्या हंगामात सरकारी भाव क्विंटलला २,१२५ रुपये होता. म्हणजे दोन लाखांवर रक्कम शेतात उभी होती आणि तिच्यातून ठेका, खत, आढत्याची उचल आणि थोरल्या नातीच्या कॉलेजची फी निघायची होती. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, मार्चमध्येच असं ऊन पडलं की दाणा भरायच्या आत सुकला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका तापलेला मार्च देशात झाला नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यातच बंद केली. आणि २०२३ ला उलट! मार्चअखेरीपासून पाऊस आणि वारा. कापणी लांबली, दाण्याची चमक गेली. शेवटी एप्रिलमध्ये खरेदीचे नियम सरकारला सैल करावे लागले. ताई म्हणत, "मागल्या साली आगीने खाल्लं, यंदा पाण्याने." कापायचं यंत्र भाड्याचं, त्याला रांग. त्यांची पाळी बुधवारी दुपारची होती.

बुधवारी सकाळी मी आणि बहिणीने गहू वाटले. पाटा-वरवंटा नाही, मिक्सरवरच. चीक गाळून मोठ्या पातेल्यात बसायला ठेवला. छान आंबूस वास सुटला होता, तेव्हा तरी मला तो छानच वाटला. ताईंची सून नाकाला ओढणी लावून गेली. यंत्र दोन वाजता शेतात आलं. चारपर्यंत निम्मा गहू निघाला. दोन ट्रॉल्या मंडीत गेल्या, तिथे त्यांचा मुलगा राशीपाशी बसला. एक ट्रॉली घरी आली, वर्षाच्या खाण्याची. तो गहू गच्चीवर पसरला होता, एक ऊन दाखवून टाकीत भरायचा म्हणून. अर्ध्या गच्चीवर त्यांचे गहू, अर्धी गच्ची उद्याच्या आमच्या कुरडयांसाठी धुऊन ठेवलेली.

साडेपाच वाजता पश्चिमेला एक भिंत दिसली. मला वाटलं डोंगर. खरंच सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं, की चला, इथेही डोंगर आहे. मग कळलं की तो पुढे येतोय! तांबूस-करडी भिंत, जमिनीपासून आभाळापर्यंत. पाखरं गप्प झाली. वारा पूर्ण पडला. आणि खालून ताईंची आरोळी आली, "आंधी!"

त्यापुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. ताई, त्यांची सून, दोघी नाती, शेजारच्या तीन बायका, मी, सगळ्या गच्चीवर. सून एरवी सासऱ्यांसमोर बोटभर घुंघट काढणारी. तिने ओढणी कमरेला खोचली आणि फावड्याने गहू ओढायला लागली. कुणी गोणीचं तोंड धरतंय, कुणी घमेल्याने भरतंय. मी पदर बांधून भरत सुटले. बहिणीला मी ओरडून खाली बसायला सांगितलं होतं. ती खाली बसली, पण जिन्याच्या तोंडाशी, आणि तिथून तिच्या त्या मोडक्या हरियाणवीत हुकूम सोडायला लागली: कोणती गोणी कुठे, ताडपत्री कुणाच्या खोलीत, म्हैस कुणी सोडायची. आणि सगळ्या तिचं ऐकत होत्या! आमच्या घरात शेंडेफळ म्हणून जिचं कधी कुणी ऐकलं नाही, ती ही मुलगी.

मग भिंत अंगावर आली. अंधार, दातांत वाळू, डोळे उघडता येईनात. पत्रे वाजायला लागले. दिवे गेले. आम्ही शेवटच्या ढिगावर ताडपत्री टाकून तिच्या चार टोकांवर चौघीजणी अक्षरशः बसलो, कारण दगड आणायला वेळ नव्हता. धूळ दहा-पंधरा मिनिटं, मग टपोरा पाऊस, मग ताडपत्रीवर खडखडाट. गारा हरभऱ्याएवढ्या, काही आवळ्याएवढ्या. एक माझ्या कपाळाला लागली, टेंगूळ आलं. चिरंजीव जिन्यात उभे राहून गारा वेचून तोंडात टाकत होते. त्यांना काय!

ताई माझ्या समोरच्या टोकावर बसल्या होत्या. वीज चमकली तेव्हा दिसलं, त्यांचं लक्ष ताडपत्रीवर नव्हतंच. त्या शेताकडे पाहत होत्या. तिथे अडीच एकर अजून उभा होता.

गच्चीवरचा गहू वाचला, एखादं पोतं भिजलं असेल. मंडीतली रास ताडपत्रीखाली होती, पण खालून पाणी शिरलं. शेतातला उभा गहू सकाळी पाहिला तो चटईसारखा आडवा. लोळलेल्या गव्हात यंत्र नीट चालत नाही आणि ओल्यात तर शिरतच नाही. ताईंनी बांधावर उभं राहून एक ओंबी चुरडली, तळहातावर दाणे फुंकले, एक चावून पाहिला आणि म्हणाल्या, "चलो, रोटी खा लो." एवढंच.

इकडे आमचा चीक बसून तयार आणि गुरुवारी आभाळ भरलेलं. ऊन नाही. अशा वेळी काय करावं हे तुम्हांलाही कधी लागेल म्हणून सांगते. चीक वाया जाऊ देऊ नये आणि घाईने शिजवूही नये. वरचं पाणी काढून ताजं गार पाणी घालावं आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवावं. एक दिवस सहज निघतो. नाहीतर शिजवलेला चीक पाडून सावलीत ठेवला की कुरडया चिकट होतात, दुसऱ्या दिवशी वास मारतात. मी तेच केलं. बहिणीच्या फ्रीजमधली भाजी शेजारी गेली.

गुरुवारी संध्याकाळी चक्क थंडी पडली. चार दिवसांपूर्वी चाळीस अंश आणि आज खांद्यावर शाल! आम्ही खाली ताईंच्या अंगणात खाटांवर बसलो होतो. त्यांनी राबडी दिली. ताकात पीठ कालवून, आंबवून शिजवलेली. आपली अंबीलच की! बहिणीने दोन वाट्या घेतल्या. मग ताईंनी मला सरळ विचारलं, "हिला नेणार?" मी म्हटलं, "आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे असतं." त्या म्हणाल्या, "आमच्यात सासरी. आई मागाहून छूछक घेऊन येते, कपडे, तूप, लाडू." थोडं थांबून म्हणाल्या, "नेणं तुमचा हक्क आहे. पण मग तिला विचारलंत का?"

खरं सांगू? नव्हतं विचारलं. आईने मला विचारलं होतं, मी मेहुण्यांना विचारलं होतं, मेहुण्यांनी डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या होत्या, प्रवासाला हरकत नाही, पण ठरवायचं ते लवकर ठरवा. जिला जायचं तिला कुणीच नाही.

रात्री विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, ऊन असलं की वाटतं पळून यावं. वारा फिरला की वाटतं आपलं घर सोडून कुठे जायचं. मी रोज आईला फोन केला ना, ते रोज खरंच होतं ग." आणि मग, "काल मी जिन्यात बसले होते तेव्हा मला सांगलीची आठवणसुद्धा आली नाही." मी रागावले. म्हटलं, मे आणि जून अजून यायचेत, लू अजून सुरूही झालेली नाही, वादळाच्या एका रात्रीवर निर्णय घेतात का? ती म्हणाली, "मग उन्हाच्या एका दुपारवर तरी कशाला घ्यायचा?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही ती चुकली की मी, हे मी सांगू शकत नाही.

आईला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा गप्प, मग माझ्यावर चिडली, "तुला कशाला पाठवलं होतं?" फोन ठेवला. तासाभराने तिचाच आला. "तिकडे शेकशेगडीला गोवऱ्या मिळतात का?" मी म्हटलं, "आई, ताईंच्या भिंतीवर रांगेने थापलेल्या आहेत." मग बाळंतशेपा, डिंक, हळीव मिळतात की इथूनच आणायचे, याची चौकशी सुरू झाली.

(आई जूनमध्ये गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाचा झाला आणि लगेच पुढच्या आठवड्यात तो भयंकर पाऊस आला. १३ जुलैला दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली; इतकं पाणी पूर्वी कधी नोंदलं गेलं नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आई फोनवर शांत. "पूर काय, २०१९ ला सांगलीत आपल्या दारात आला नव्हता?" म्हणाली.)

शुक्रवारची सकाळ मात्र अशी उजाडली की सांगता सोय नाही. धुऊन पुसून ठेवल्यासारखं निळं आभाळ, हवा गार, आणि पुन्हा तो कोरडा, खडखडीत पछवा. सहा वाजता चीक शिजवायला घेतला. जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, हिंग. पाणी खळखळलं की एका हाताने धार आणि दुसऱ्या हाताने घाटणं, मग झाकण ठेवून दणदणीत वाफ. सोऱ्या बहिणीने लग्नात आणलेला होता, पहिल्यांदाच बाहेर निघाला. ताई, सून, नाती सगळ्या आल्या. पहिली कुरडई पडली तेव्हा नातींनी टाळ्या पिटल्या. ताईंनी गरम चीक तूप घालून चाखला आणि म्हणाल्या, "हाँ, इब समझ म्हं आई." एवढ्या खटाटोपाचं कारण त्यांना पटलं असावं. आपल्याकडे ज्या वाळायला तीन उन्हं लागतात, त्या तिथे संध्याकाळी पाचला कडकडीत!

मागच्या शेतात त्याच दुपारी भुसा करायचं यंत्र चाललं होतं. कापणी झालेल्या शेतातल्या काडाचा तिकडे भुसा करतात, तूडी म्हणतात त्याला, म्हशींना वर्षभर तोच. त्याची कुसं वाऱ्याबरोबर गच्चीभर. मी साडीने झाकलं, पण झाकून झाकणार किती?

लोळलेला गहू मजूर लावून विळ्याने कापायचं ठरलं. मंडीतली रास दोन दिवस पायांनी फिरवून वाळवली. ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. १४ च्या वर गेला तर सरकारी खरेदीत घेतच नाहीत. शनिवारी सकाळी आम्ही निघायच्या आधी मुलाचा फोन आला, माल तुलला. शेतातला मिळून किती तूट येईल, हे ताईंनी बोटांवर मोजून पाहिलं. पंधरा-वीस क्विंटल, म्हणाल्या. वर मजुरी. नातीच्या फीचा विषय माझ्यासमोर निघाला नाही.

अक्षय्य तृतीया होती त्या दिवशी. बहिणीने मातीच्या घागरीवर खरबूज ठेवून ती ताईंच्या हाती दिली, आईने फोनवर सांगितलं होतं तशी. ताईंनी मला गुळाची भेली आणि दोन किलो गहू दिले, "नये गेहूँ सैं." तिसरं तिकीट मेहुण्यांनी रद्द केलं. गाडीत तिच्या जागेवर झाशीपर्यंत चिरंजीव आडवे पसरले, मग कुणी प्रवासी आला.

सांगलीला पोचल्यावर आईने हातपाय धुवायलाही न देता कुरडयांचा डबा उघडला. निम्म्या मोडल्या होत्या. तिने एक तळली, फुलली छान, चांगली ताटलीएवढी. तुकडा तोंडात टाकला आणि थांबली. दातातून एक बारीक सोनेरी काडी काढून उजेडात धरली.

"काड्या आहेत ग यात," म्हणाली. आणि दुसरी कढईत सोडली.